सोमवारचं पाणी

पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुसरा, बाईंच्या निधनाबद्दल दुखवटा. तिसरा, रिकाम्या जागेवर महिला संचालकाची नेमणूक. चौथा, शाश्वतता अहवालाला मंजुरी. मास्तरांच्या पुतण्याने चारही विषय एकाच कागदावर, एकाच मापाच्या अक्षरात छापून आणले होते.

मास्तरांनी कागद वाचला आणि पालथा घातला. सात आठवडे झाले होते. घरी बाईंचा चष्मा अजून फ्रिजवर पडलेला होता आणि इथे त्या दुसरा विषय झाल्या होत्या.

सभेची खोली रंगखात्याच्या बरोबर वर होती. खाली मशिन सुरू झालं की टेबलावरचे कप बशीत थरथरत. मास्तर इथले रंगमास्तर, त्यांचा जन्म त्या थरथरीतच गेला होता. कापडाचा तुकडा खिडकीशी धरून नुसत्या नजरेने ते सांगत, निळा अर्धा टक्का जास्त झालाय. बाई म्हणजे त्यांची बायको. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं म्हणून घरात, कारखान्यात सगळे त्यांना बाईच म्हणत, मास्तरसुद्धा. कंपनीच्या मंडळावर एक तरी स्त्री हवी असा नियम आठ वर्षांपूर्वी आला, तेव्हा मास्तरांचे थोरले भाऊ दादा, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष, हसून म्हणाले होते, "शोधायला कशाला जायचं? घरात बाई आहेच, नावाची सुद्धा."

सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या. मग त्यांनी मागच्या पाच वर्षांच्या फायली घरी मागवून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन बसल्या. तेव्हा कुणी हसलं नाही.

"सुरू करायचं का?" दादांनी विचारलं.

टेबलाभोवती पाच जण होते. दादा. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा, जो सहा वर्षांचा असताना वडिलांचा टाय गळ्यात अडकवून फिरायचा आणि तेव्हापासून साहेब झाला तो आजतागायत साहेबच. विक्री तोच बघायचा आणि सभेचं इतिवृत्तही तोच लिहायचा. समोर मास्तर. भिंतीकडच्या खुर्चीवर दादांची बायको, जिला सगळा कारखाना वहिनी म्हणतो. आणि दाराजवळ मास्तरांची मुलगी, मुंगी. ती एकतीस वर्षांची होती, दुसऱ्या गावी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. आईचे शेअर वडिलांच्या आणि तिच्या नावे होणार होते, त्या सह्यांसाठी तिला बोलावलं होतं.

साहेबाने मागचं इतिवृत्त वाचलं. पाच महिन्यांपूर्वीची सभा. बाई आजारी पडल्यावर मधली एक सभा झालीच नव्हती. "पाणी तपासणीचा तक्ता सभेपुढे ठेवण्यात आला. चर्चेअंती एकमताने मंजूर."

"कुणाचं काही?" दादा म्हणाले.

ही त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत होती. या घरात मतदान नाही, हात वर करायचे ते शाळेत, असं ते म्हणत. अध्यक्षाने विचारायचं, कुणाचं काही? कुणी बोललं नाही की झालं मंजूर.

मुंगीने वडिलांकडे पाहिलं. 'चर्चेअंती' म्हणजे काय झालं होतं ते तिला आईने फोनवर सांगितलं होतं. त्या दिवशी आईने एवढंच विचारलं होतं, की पाण्याचा नमुना दर सोमवारी का घेतात, गुरुवारी का नाही? खोलीत कुणी बोलेना. मग बाबा म्हणाले होते, "बघू पुढच्या तिमाहीत." आणि विषय मिटला होता.

मुंगी काल रात्रीच्या गाडीने इथे आली ती एक गोष्ट मनाशी ठरवून. सह्या करायच्या, आणि आजही बाबा गप्प बसले तर पुन्हा या घरी यायचं नाही. फोन करेन, पैसे लागले तर पाठवेन, पण येणार नाही. आईच्या प्रश्नाला कुणी उत्तर न देता ती गेली, हे तिला गिळता येत नव्हतं. आणि प्रश्न विचारला होता तो बाकी कुणाला नाही, बाबांनाच.

मास्तर टेबलाकडे बघत बसले.

"कायम," दादा म्हणाले. साहेबाने खूण केली.

दुखवट्यासाठी सगळे उभे राहिले. एक मिनिट फक्त मशिनचा आवाज ऐकू येत होता. वहिनींनी पदराने डोळे पुसले. बसताना मास्तरांनी सवयीने उजवीकडची खुर्ची बाईंसाठी मागे ओढली, आणि तशीच ठेवून खाली बसले. कुणीच पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

"तिसरा विषय," दादा घसा साफ करून म्हणाले. "जागा रिकामी ठेवता येत नाही, नियम आहे. शिवाय शाश्वतता समितीची प्रमुख म्हणून अहवालावर त्याच संचालिकेची सही लागते. आपण पर्यावरण कसं सांभाळतो ते सांगणारा हा अहवाल परदेशातल्या गिऱ्हाइकाला शुक्रवारी हवाय. तर मी म्हणतो, हिला घेऊ." त्यांनी भिंतीकडे मान हलवली. "घरचंच माणूस आहे."

"आईला?" साहेब म्हणाला, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. "छान. मोठी ऑर्डर आहे काका, आईच्या पायगुणाने मिळेल."

"मला काय कळतंय त्यातलं," वहिनी म्हणाल्या.

"कळायचं काय त्यात? सही तर करायची."

"तेच म्हणते मी. सही करायची म्हणजे काय लिहिलंय ते कळायला नको? चष्मा नाही आणलेला मी. वाचून दाखव."

"अगं आई, अठ्ठावीस पानं आहेत!"

"असू देत. मला आज स्वयंपाक नाही. तुझे वडील बाहेर जेवणार आहेत तुझ्या गिऱ्हाइकाबरोबर."

मास्तरांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. साहेबाने वडिलांकडे पाहिलं. दादांनी हात हलवून सांगितलं, वाच बाबा, वाच.

वहिनींचा चष्मा पर्समध्येच होता. त्यांना अक्षर वाचता येत होतं, पण कागदावरचं वाचून त्यांना कधी काही उमगलं नव्हतं, ऐकून उमगायचं. पहिल्या पानावर साहेबाने 'शाश्वत' हा शब्द सहा वेळा वाचला. वहिनींना दवाखान्यातली खोली आठवली. धाकटी जाऊ उशीला टेकून म्हणाली होती, "जाऊबाई, माझ्या जागी ते तुम्हालाच बसवतील बघा." वहिनी तेव्हा चिडल्या होत्या. काहीतरीच बोलतेस, बरी होशील. पण ती हिशेबाची बाई. तिने आपले दिवस मोजून ठेवले होते.

त्याच खोलीत तिने एक काम सांगितलं. कारखान्याच्या मागे, बॉयलरच्या पलीकडे, जिथे पाइप नाल्यात पडतो, तिथे गुरुवारी दुपारी जायचं, बाटली भरायची, बर्फाच्या डब्यात घालून मुंगीला पाठवायची. सभेनंतरचे आठ गुरुवार ती स्वतः गेली होती. पुढचे तीन गुरुवार वहिनी गेल्या. चपला चिखलात रुतल्या, एकदा पाय घसरून गुडघा फुटला. कुरिअरवाला विचारायचा, आत काय, औषध का? वहिनी म्हणायच्या, हो, औषधच. घरी कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याला नव्हता, मुलाला नव्हता. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्यापासून लपवलेली ही त्यांची पहिली गोष्ट होती, साड्या सोडल्या तर.

"प्रक्रिया केलेल्या पाण्याची दर आठवड्याला तपासणी होते," साहेब वाचत होता, "आणि ते सातत्याने मर्यादेत आढळलेलं आहे. पुढे, ऊर्जा..."

"थांब. दर आठवड्याला म्हणजे कुठल्या वारी?"

साहेबाने वर पाहिलं. दादांनी पेन खाली ठेवलं.

"वाराचा काय संबंध?"

"विचारलं आपलं. दूधवाला सुद्धा कुठल्या वारी येणार नाही ते सांगतो."

कुणी हसलं नाही. सगळे मास्तरांकडे बघायला लागले, कारण सोमवार त्यांनीच ठरवला होता. एकोणीस वर्षांपूर्वी तपासणीवाल्याला फक्त सोमवारीच येता यायचं. त्यात लबाडी नव्हती. पण रविवारी कारखाना बंद असतो. दीड दिवस टाकीतलं पाणी हलत नाही, गाळ खाली बसतो आणि सोमवारी सकाळी पाइपमधून पडतं ते पाणी पिऊन टाकावं इतकं स्वच्छ दिसतं. दहा वर्षांपूर्वी तो माणूस गेला, दुसरा आला, तो कुठल्याही वारी यायला तयार होता. सोमवार तसाच राहिला. तक्ता चांगला येत होता. चांगल्या तक्त्याला कोण हात लावतो?

"चहा घेऊ," दादा उठले. "मास्तर, जरा बाहेर ये."

जिन्याजवळच्या बोळात रंगाचे रिकामे पिंप रचलेले होते. दादांनी एका पिंपाला हात टेकवला. ते चौसष्ट वर्षांचे होते आणि आज पहिल्यांदा त्यांना बायकोची भीती वाटली होती.

"हे तू शिकवलंस तिला?"

"नाही."

"मग मुंगीने."

"दादा, मला खरंच माहीत नाही."

दादांना ते पटलं. धाकट्याला खोटं बोलता यायचं नाही, फक्त गप्प बसता यायचं. लहानपणीही तसंच. काच दादाने फोडायची, मार दोघांनी खायचा, आणि हा एक अक्षर बोलायचा नाही. दादांनी त्या गप्प बसण्यावर सगळा कारखाना उभा केला होता असं म्हटलं तरी चाललं असतं.

"ऐक. गुरुवारचं पाणी कसं असतं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दुसरी टाकी बांधायचीच आहे मला, पण ऑर्डर आली तर बांधेन ना? शुक्रवारी कागद गेला नाही तर एक पाळी बंद करावी लागेल. मशिनवरची माणसं तू कामाला घेतलीस. नावानिशी ओळखतोस. त्यांच्या दारात जाऊन तू सांगणार आहेस?"

मास्तरांनी एका पिंपाचं झाकण नीट बसवलं.

"तुझ्या बायकोला मी कधी कमी लेखलं नाही," दादांचा आवाज जरा फाटला. "पण मंडळावर मी तिला बसवलं ते..."

"सहीसाठी."

"हो, सहीसाठी. सगळेच बसवतात. आपण काय जगावेगळं केलं?"

"तिने आठ वर्षांत एकदा विचारलं, दादा. एकदाच."

"आणि तूच मिटवलंस ते. मी नाही."

हे खरं होतं, आणि दादांना ते बोलून टाकल्याचं लगेच वाईट वाटलं. त्यांनी भावाच्या दंडावर हात ठेवला. मास्तरांनी हात झटकला नाही. नुसतं म्हणाले, "चल, चहा गार होतोय."

आत मुंगी आणि साहेब समोरासमोर बसले होते.

"तुझा काय विचार आहे मुंगे? आमच्या पोटावर पाय?"

"माझ्या आईच्या शेअरवर सही करायला आलेय. तू तुझं बघ."

"प्रयोगशाळेत बसून नियम सांगायला काय जातं? गिऱ्हाइकाचे फोन मी घेतो."

"मग घे की. कोण नको म्हणतंय?"

"पोरांनो," वहिनी बशीत चहा ओतत म्हणाल्या, "भांडायचं तर मोठ्याने भांडा. कुजबुजून भांडलेलं मला ऐकू येत नाही."

दादा आणि मास्तर येऊन बसले. दादांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "तर अहवाल आहे तसा जाऊ दे. वार वगैरे पुढच्या वर्षी घालू. कुणाचं काही?"

मुंगीने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"माझं आहे," मास्तर म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक होता की साहेबाने "काय, काका?" म्हणून विचारलं.

"पहिला विषय परत काढ. ते इतिवृत्त चुकीचं आहे. त्यात लिही, बाईंनी विचारलं की नमुना सोमवारी का घेतात, गुरुवारी का नाही."

"काका, ते कायम झालंय आता."

"लिही रे," वहिनी म्हणाल्या.

साहेबाने वडिलांकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होते. त्याने लिहिलं.

"त्यावर उत्तर काय लिहू? 'चर्चेअंती' ठेवू?"

"चर्चा झाली नव्हती. लिही, रंगमास्तरांनी उत्तर दिलं, बघू पुढच्या तिमाहीत." मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडांना निळा रंग होता, तो कधीच जात नसे. "तिला त्या वेळी पोटात दुखत होतं. मला ते माहीत नव्हतं. पण गुरुवारचं पाणी मला माहीत होतं. तिने घरी येऊन एक शब्द काढला नाही. मी म्हटलं, सुटलो."

साहेबाचं पेन थांबलं होतं. "एवढं सगळं लिहायचं?"

"पाणी मला माहीत होतं, तिथपर्यंत लिही."

साहेबाने लिहिलं. मग मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. "तिच्या जागेवर मी मुंगीचं नाव सुचवतो."

"नको, बाबा." मुंगीने पर्स घट्ट धरली. "मी तिच्या खुर्चीत बसून रोज तुमच्याशी भांडू का? मला जमणार नाही."

"मी बसते," वहिनी म्हणाल्या. "अहो, असे बघू नका. तुम्हीच सुचवलंत ना? आज मंगळवार. परवा पाणी भरू. जो आकडा येईल तो अहवालात घालायचा, दुसरी टाकी कधी बांधणार ती तारीख घालायची, मग मी सही करते. आधी नाही."

"आई, असा अहवाल कोण देतं? गिऱ्हाईक पळेल!"

"पळेल कदाचित."

"आणि एक पाळी बंद झाली तर?"

"तर लोकांना मी सांगायला जाईन," मास्तर म्हणाले. "एकेकाच्या घरी."

दादा उठले, पेन खिशात घातलं. दारापर्यंत गेले आणि वळून बायकोला म्हणाले, "घरी बोलू."

"बोलू की. माझं जेवण घरीच आहे."

ते गेले. मागोमाग साहेब गेला, जाताना फोन कानाला लावून. वहिनी मात्र जाताना मास्तरांपाशी थांबल्या. "भावोजी, जेवायला या आज. एकटे बसू नका." मास्तरांनी मान हलवली, पण जाणार नव्हते ते दोघांनाही कळलं.

मुंगी आणि मास्तर जिना उतरू लागले. अर्ध्यावर मुंगी थांबली.

"बाबा, आई दर गुरुवारी माझ्याकडे बाटली पाठवायची. सभेनंतरच्या गुरुवारपासून. मोठी काकू पण पाठवायची, आई दवाखान्यात गेल्यावर. अकरा नमुने आहेत माझ्याकडे."

मास्तरांनी कठडा धरला. "मला का नाही सांगितलंस?"

"ती नको म्हणाली. म्हणाली, त्यांना सगळं माहीत आहे, नुसतं तोंडातून निघत नाही. आपण होऊन विचारतील तुला. थोडी वाट बघू."

मास्तरांनी नखाच्या कडेचा निळा रंग चोळला.

"मी खूप चिडायचे. म्हणायचे, किती वाट बघणार आहेस? ती म्हणायची, वर्गात पण मी असंच करायचे. उत्तर येतं त्या मुलाला हात वर करायला वेळ द्यायचा." मुंगीने नाक पुसलं. "शेवटच्या आठवड्यात तिने एकदा विचारलं. बाबांचा फोन आला का गं, पाण्याबद्दल?"

"मग?"

"हो म्हटलं."

मास्तरांनी मान वर केली.

"हो म्हटलं, आला होता. काल आला. सगळं विचारून घेतलं त्यांनी. खोटं बोलले मी, बाबा. तुमच्यासाठी नाही बोलले. तिच्यासाठी."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. बरं वाटलं तिला. त्या दिवशी नीट झोपली."

मास्तर पायरीवर बसले. खाली मशिन सुरू झालं तसा जिना हलू लागला. त्यांचे खांदे हलत होते की जिना, ते मुंगीला कळेना. ती उभी राहिली. एक माणूस कापडाची गाडी ढकलत खालून गेला, वर बघून पुन्हा खाली बघत गेला.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी तळहातांनी तोंड पुसलं.

"पहिल्या गुरुवारी किती होतं?" त्यांनी विचारलं.

मुंगी त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्या गुरुवारपासून सांगू लागली.